साथ येण्याआधीचे दिवस

(प्रस्तावना)

१९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली. हा आजार आपल्याकडे अगदीच नवा नव्हता. १९६३ मध्ये तो कोलकात्यात, १९६४ मध्ये मद्रास आणि वेल्लोरमध्ये, १९६५ मध्ये नागपुरात येऊन गेला होता. बार्शीनंतर मात्र तो दिसेनासा झाला. तीस वर्षांहून अधिक काळ देशात त्याची म्हणण्यासारखी साथ आली नाही आणि नव्या पिढीच्या डॉक्टरांसाठी तो पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदापुरता उरला. मग २००५ च्या अखेरीस आंध्र आणि कर्नाटकातून तापाच्या बातम्या येऊ लागल्या. २००६ मध्ये मालेगावपासून मराठवाड्यापर्यंत घरोघरी माणसे गुडघे आणि मनगटे धरून बसली. त्या एका वर्षात देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्णांची नोंद झाली.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत या साथीतले नमुने तपासले गेले, तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट कळली. हा विषाणू जुन्या साथींतल्या विषाणूचा वंशज नव्हता. तो आशियाई कुळातला होता, हा आफ्रिकी कुळातला. आणि पुणे जिल्ह्यातल्या यवत इथे २००० साली पकडलेल्या डासांतून वेगळा केलेला विषाणूही याच आफ्रिकी कुळातला निघाला. म्हणजे देशाला साथीची चाहूल लागण्याच्या पाच वर्षे आधी हा पाहुणा दौंड तालुक्यातल्या एका गावापर्यंत येऊन पोचला होता.

या पुस्तकाचा सारा खटाटोप त्या आधीच्या काळाविषयी आहे. डासांमुळे पसरणाऱ्या आजाराची साथ दवाखान्यात सुरू होत नाही. पहिला रुग्ण तापाने फणफणतो त्याच्या किती तरी आधी ती पिंपात, हौदात, बांधकामावरच्या खड्ड्यात, पाण्याच्या वेळापत्रकात आणि बसच्या तिकिटात तयार होत असते. आपण मात्र तिच्याशी लढायला उभे राहतो ते अगदी शेवटच्या टप्प्यावर, वॉर्डात खाटा कमी पडू लागल्या की. ही सवय बदलता येते, असा माझा ठाम विश्वास आहे आणि त्यासाठीच हे लिहिले आहे.

डास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गटार येते. गटारात वाढणारा डास असतोच. क्युलेक्स जातीचा हा डास रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. नागपूर, वर्धा, गडचिरोली या पट्ट्याला त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस मात्र तुलनेने स्वच्छ पाण्यात वाढतो. गडचिरोलीच्या जंगलातले ओढे आणि मुंबईच्या इमारतींवरच्या टाक्या, दोन्हींत त्याच्या वेगवेगळ्या जाती सुखाने नांदतात. आणि डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका हे तिन्ही आजार पसरवणारा एडिस इजिप्ती तर आपल्या घरातलाच रहिवासी. तो दिवसा चावतो, पलंगाखाली, पडद्यामागे, टांगलेल्या कपड्यांत विसावतो आणि साधारण शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा उडून जात नाही. तुम्हाला चावलेला एडिस बहुधा तुमच्याच घरात नाही तर शेजारच्या घरात जन्मलेला असतो. गटारावर पावडर टाकून डेंग्यू हटत नाही, याचे कारण इतके सरळ आहे.

आशाताई किंवा आरोग्यसेवक कंटेनर सर्वेक्षणाला येतात, तेव्हा त्या नेमके काय पाहतात ते एकदा त्यांच्याबरोबर उभे राहून बघावे. न्हाणीघरातल्या निळ्या पिंपावरचे झाकण बाजूला करून त्या आत बॅटरीचा झोत टाकतात. पाणी नितळ असते, तळ दिसतो. झोत पडला की पृष्ठभागाशी डोके खाली करून तिरप्या लोंबणाऱ्या बारीक अळ्या वळवळत तळाकडे सूर मारतात आणि थोड्या वेळाने श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. अंडी मात्र पाण्यात नसतात. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर आतल्या भिंतीला ती काळ्या ठिपक्यांसारखी चिकटलेली असतात. पिंप रिकामे झाले, कोरडे पडले, तरी ती कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरून ते त्यांच्यापर्यंत चढले की त्यांतून अळ्या बाहेर येतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. आतली बाजू काथ्याने किंवा घासणीने खरवडून घासायची आणि भांडे उन्हात पालथे घालायचे. ‘कोरडा दिवस पाळा’ या सरकारी वाक्याचा खरा अर्थ हा आहे.

तो दिवस आठवड्यातून एकदा का, याचेही कारण आहे. आपल्या पावसाळी हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी भांडे घासले, तर डास पंख फुटण्याआधीच संपतो. पुढचा हिशेब डेंग्यूच्या विषाणूचा. संसर्ग झालेल्या माणसाला डास चावला, तरी तो लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. डासाच्या पोटातून त्याच्या लाळग्रंथींपर्यंत पोचायला विषाणूला आठ ते बारा दिवस लागतात. मग तो डास दुसऱ्या माणसाला चावतो आणि त्या माणसाला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस जातात. म्हणजे गल्लीतला पहिला रुग्ण आणि त्याच्यापासून झालेला दुसरा रुग्ण यांच्यात दोन-तीन आठवड्यांचे अंतर पडते. तिसरी फेरी दिसू लागेपर्यंत दीड महिना उलटलेला असतो आणि तोवर एकाचे पाच, पाचाचे पंचवीस झालेले असतात. वर्तमानपत्रात ‘डेंग्यूचा उद्रेक’ अशी बातमी छापून येते ती या तिसऱ्या-चौथ्या फेरीची. पहिली फेरी शांतपणे पार पडलेली असते. हवा तापली की डासाच्या अंगातला विषाणूचा हा प्रवास आणखी लवकर होतो. वाढत्या तापमानाची चिंता डासांच्या संदर्भात करायची, ती मुख्यतः या कारणाने.

या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी पाणी आहे, आणि पाणी म्हणजे नुसता पाऊस नव्हे. मराठवाड्यात, सोलापूर भागात अनेक शहरांना चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येते. ते येईल तेव्हा घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवण्यावाचून बाईला दुसरा पर्याय नसतो. रांजण, हौद, पिंपे, बादल्या, सगळे काठोकाठ भरलेले, आणि पुढचे पाणी कधी येईल याची शाश्वती नसल्याने तळाचे उरलेले पाणी ओतून देण्याची कोणाची हिंमत होत नाही. म्हणूनच टंचाईच्या वर्षातही डेंग्यू येतो. बार्शीची साथही १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी आली आणि तीही याच घरगुती एडिस डासाने पसरवली. ज्या घरात आठ दिवसांचे पाणी साठवावे लागते, त्या घराला ‘भांडी कोरडी करा’ असे सांगून नोटीस बजावणे हा अन्याय आहे. नियमित पाणीपुरवठा हा डास नियंत्रणाचा पहिला कार्यक्रम मानला पाहिजे. तो होईपर्यंत घट्ट झाकण, पिंपाला बांधायचे सुती कापड, मोठ्या हौदात गप्पी मासे आणि अळीनाशकाची नियमित मात्रा हे उपाय त्या घरापर्यंत पोचवणे ही नगरपालिकेची जबाबदारी आहे.

पाणी आणि साथ यांचे हे नाते मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच अनुभवले आहे. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची पाहणी करून अहवाल दिला. शहरातल्या मलेरियाचे मूळ दलदलीपेक्षा घरांच्या आवारातल्या विहिरींत अधिक आहे, तिथे अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी जातीचा डास वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. विहिरी बुजवाव्यात किंवा डास शिरणार नाही अशा बंद कराव्यात, असे ठरले तेव्हा मोठा विरोध झाला. पारशी आणि हिंदू कुटुंबांच्या श्रद्धा त्या विहिरींशी जोडलेल्या होत्या. मुंबईत पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवे, तपासणीसाठी वर चढायला शिडी हवी, असे नियम आजही आहेत. त्यांच्यामागे हा इतिहास आहे.

याच स्टीफेन्सीने गोव्यालाही धडा दिला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गोव्यात मलेरिया फारसा नव्हता. मग पणजी आणि किनारपट्टीवर बांधकामांचा धडाका सुरू झाला. स्लॅबवर साचवलेले पाणी, सिमेंटसाठी बांधलेले हौद, अर्धवट इमारतींच्या तळघरांतली तळी, हे सारे या डासाला हवे तसे मिळाले. बाहेरून आलेल्या मजुरांपैकी काहींच्या रक्तात मलेरियाचे परजीवी होते आणि १९८६ च्या सुमारास पणजीत मलेरिया फैलावला. पुढे गोव्यात बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र सक्तीचे झाले. तपासणी आवश्यकच आहे, कारण तिच्यामुळे त्या मजुराला वेळेवर औषध मिळते. परंतु ‘परप्रांतीयांनी मलेरिया आणला’ असे जे सर्रास बोलले जाते ते मला मान्य नाही. हौद मजुराचा नसतो. तो बांधकाम कंत्राटदाराचा असतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये मच्छरदाणीविना झोपणारा मजूर हा त्या हौदाचा पहिला बळी असतो.

हाच डास आता समुद्र ओलांडून गेला आहे. २०१२ मध्ये तो आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबूतीत आढळला, नंतर इथिओपियात. २०२२ मध्ये इथिओपियातल्या डिरे दावा शहरात मलेरियाची साथ उसळली, तिच्यामागे स्टीफेन्सीच होता. आफ्रिकेतला मलेरिया हा प्रामुख्याने खेड्यापाड्यांचा आजार मानला जाई. दक्षिण आशियातल्या शहरांत टाक्यांत राहायला सरावलेल्या डासाने तो तिथल्या शहरांत नेला. मुंबईचा विहिरींचा अनुभव आज तिथल्या आरोग्यसेवकांच्या कामाचा ठरावा, इतका तो ताजा झाला आहे.

आपल्या देशाने या लढाईत एकदा फार मोठे यश मिळवले होते, आणि ते गमावलेही होते. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख माणसे त्याने दगावतात, असा अंदाज होता. तेव्हाच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड भागात १९४६ पासून घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून दाखवले की खेडीच्या खेडी मलेरियापासून मोकळी होऊ शकतात. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत देशातली रुग्णसंख्या सुमारे एक लाखावर आली. साडेसात कोटींवरून एक लाख! मलेरिया संपलाच, असे मानले जाऊ लागले. मग डासांमध्ये डीडीटीला प्रतिकार वाढला, फवारणी आणि औषधांचा पुरवठा विस्कळीत झाला, शहरांकडे दुर्लक्ष झाले. १९७६ मध्ये ६४.७ लाख रुग्ण नोंदले गेले. या आकड्यांपुढे मी पुन्हा पुन्हा थांबतो. ज्या वर्षी साथ नसते त्या वर्षी काम थांबवले, की पुढच्या साथीची तयारी आपण स्वतः करून देतो.

आजही आपल्या मोहिमांचा सगळा जोर धुरावर असतो. संध्याकाळी गल्लीतून धुराची गाडी जाते, मुले मागे धावतात, नगरसेवकांना काम झाल्याचे समाधान मिळते. धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो. पलंगाखाली बसलेल्या एडिसपर्यंत तो क्वचितच पोचतो, आणि पिंपातल्या अळ्या व अंडी जशीच्या तशी राहतात. दोन-तीन दिवसांत नवे डास तयार. रुग्ण सापडलेल्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत, आतून केलेली धूरफवारणी उपयोगी पडते. साऱ्या शहरभर फिरवलेली गाडी मात्र मुख्यतः दिसण्यासाठी असते. तोच पैसा आणि तीच माणसे घरोघरच्या अळी सर्वेक्षणाला लावली, तर फळ कितीतरी जास्त मिळेल.

लवकर कळवण्याचा फायदा काय असतो, हे पुरंदर तालुक्यातल्या बेलसरने दाखवले. जुलै २०२१ मध्ये गावात तापाचे रुग्ण वाढल्याचे लक्षात आले आणि रक्तनमुने पुण्याला गेले. त्यांत चिकुनगुनिया आणि डेंग्यू सापडले आणि महिन्याअखेरीस राज्यातला झिकाचा पहिला रुग्णही तिथेच आढळला. झिका बहुतेकांना सौम्य ताप देऊन जातो, पण गर्भवतीला झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालू शकतो. ब्राझीलमध्ये २०१५ मध्ये हे उघडकीस आले आणि २०१६ च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेला आणीबाणी जाहीर करावी लागली. एका खेड्यातला ‘साधा ताप’ वेळेवर तपासला गेला, म्हणून गावातल्या गर्भवतींवर लक्ष ठेवता आले. ज्या गावाने, ज्या सोसायटीने तापाचे रुग्ण आपणहून कळवले, तिला बदनामीची भीती वाटू नये, उलट शाबासकी मिळावी, अशी व्यवस्था आपण उभी केली पाहिजे.

रुग्णाच्या घरच्यांसाठी या पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली एक गोष्ट मात्र इथेच सांगितली पाहिजे, कारण तिने जीव वाचतात. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला, असे नाही. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरू लागतो त्याच सुमारास काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि रक्तदाब कोसळतो. पोटात जोराने दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी किंवा बेचैनी, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळावे. सगळ्यांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते, पण उपचाराचा गाभा शरीरातल्या द्रवाचा तोल सांभाळण्यात आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा होऊन गेला तरी दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग होतो, आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. ‘मला एकदा झालाय’ म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

नव्या उपायांबद्दलही पुढे सविस्तर लिहिले आहे. वोल्बाकिया नावाचा जिवाणू अंगात असलेले एडिस डास सोडून इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात डेंग्यूचे प्रमाण ७७ टक्क्यांनी घटवता आले. मलेरियाच्या आर२१ लशीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस दिली आणि ही लस पुण्यात तयार होते, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटावा. परंतु २०२३ मध्ये जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली आणि २०२४ मध्ये डेंग्यूचे १.४ कोटींहून अधिक रुग्ण नोंदले गेले. लस आणि प्रयोगशाळेतले डास मदतीला येतील. पिंप घासण्याचे काम त्यांच्यावर सोपवता येणार नाही.

पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्या भागात डासांच्या जाती आणि त्यांची घरे, दुसऱ्यात साथींचा इतिहास, तिसऱ्यात रुग्ण आणि घर, आणि चौथ्यात ग्रामपंचायत, वॉर्ड, शाळा व गृहनिर्माण संस्था यांनी महिनावार काय करावे याचा आराखडा. पहिले तीन भाग वाचायला वेळ नसेल त्यांनी चौथा तरी वाचावा. हे लिहिताना ज्या आरोग्यसेवकांनी आणि आशाताईंनी आपल्याबरोबर घरोघर फिरू दिले, त्यांचे ऋण मोठे आहे. दारातून परत पाठवले गेले तरी त्या पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. त्यांच्यासाठी दार उघडणे, त्यांना न्हाणीघरापर्यंत आणि गच्चीपर्यंत जाऊ देणे हे प्रत्येक नागरिकाचे साधे कर्तव्य आहे.

वाचकांना एकच विनंती. आपल्याकडे डेंग्यूचे रुग्ण ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत सर्वाधिक असतात आणि अशा पुस्तकाची आठवणही तेव्हाच होते. कृपा करून ते एप्रिल-मे महिन्यात उघडा. ग्रामसभेत आणि सोसायटीच्या बैठकीत पावसाळ्याच्या तयारीच्या विषयात पाण्याचे वेळापत्रक, टाक्यांची झाकणे, गच्चीवरचे भंगार आणि आठवड्याचा कोरडा दिवस हे चार मुद्दे लिहून घ्या, प्रत्येकापुढे जबाबदार माणसाचे नाव लिहा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पूर्ण झाले का ते विचारा.